इथपर्यंत कळलं

दुसऱ्याची चूक काढणारी माणसं ह्या जगात गाडीभर सापडतात. मला तर ती सकाळी दार उघडल्यापासून भेटायला लागतात. पण चूक नेमकी जिथं आहे त्या जागेवर बोट ठेवणारा, तिथं काय दिसलं आणि काय दिसायला हवं होतं ते सांगणारा, आणि एवढं सगळं करून ‘तुमचं चुकलं’ असं चुकूनही न म्हणणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. ते आमच्या भोरच्या कचेरीतले चिंचोकेवाले आबा. त्यांना नाव होतं, आडनाव होतं, हजेरीपटावर दोन्ही लिहिलेलं होतं, पण ते पगारापुरतं. बाकी सगळ्या तालुक्याला ते चिंचोकेवाले आबा.

आमची कचेरी म्हणजे बाजारपेठेमागच्या भाड्याच्या घरातल्या तीन खोल्या. वेल्ह्याकडच्या ओढ्यांमध्ये पट्ट्या रोवलेल्या होत्या. पट्टीवर पाणी किती चढलं ते गावोगावची माणसं लिहून पाठवायची, आणि त्यावरून एकूण पाणी वाहून किती गेलं ते काढायचं, हा आमचा उद्योग. त्यासाठी साहेब सूत्रं बसवायचे. सूत्र म्हणजे तरी काय, ह्याला त्यानं गुणा, त्यातून हे वजा करा, असं अर्ध्या पानाचं लांबण. आधी काय करायचं नि मागून काय, ते कळावं म्हणून जागोजाग कंस. कंसाच्या पोटात कंस, त्याच्या पोटात आणखी एक. पूर्वी ही आकडेमोड आम्ही हातानं करून डोळे फोडून घेत होतो. मग पुण्यात एका संस्थेत गणकयंत्र आलं आणि आमची सूत्रं तिकडं जायला लागली. महिन्यातून एकदा आमची पाळी. यंत्राची तऱ्हा अशी की एक कंस जरी उघडा राहिला तरी ते सगळा गठ्ठा परत पाठवायचं, वर चिठ्ठीवर एकच शब्द, ‘चूक’. कुठं, कशी, काय, राम जाणे! तेव्हा साहेबांनी लिहिलेलं सूत्र आधी वाचून बघणं, हे आबांचं काम होतं.

आबा कामथडीच्या बौद्धवाडीतले. रोज सकाळच्या एस.टी.नं यायचे. शिडशिडीत अंगलट, धुवट पांढरा सदरा, आणि खिशात तपकिरीची रिकामी डबी. डबीत चिंचोके. सूत्र समोर आलं की आबा टेबलावरचं सगळं बाजूला सारत, डबी उघडत आणि उजव्या हाताचं बोट पहिल्या अक्षराखाली ठेवून वाचायला लागत. कंस उघडला की एक चिंचोका टेबलावर. कंस मिटला की शेवटचा ठेवलेला चिंचोका परत डबीत. साधा कंस असेल तर चिंचोका, महिरपी असेल तर सागरगोटा, चौकोनी असेल तर कवडी. “मागनं आलेला पाव्हणा आदी उठला पायजे,” हा त्यांचा नियम. चिंचोक्यानंतर कवडी आली असेल तर कवडी गेल्याशिवाय चिंचोक्याला हात नाही. ओळ संपताना टेबल रिकामं झालं की सूत्र धड. एक जरी चिंचोका शिल्लक राहिला तर कुठंतरी कंस उघडा आहे. आणि उचलायला गेलं आणि टेबलावर काहीच नसलं, तर न उघडलेलाच कंस कुणीतरी मिटवलाय. हे चाललेलं असताना कचेरीत कुणी जोरात शिंकायचंसुद्धा नाही. एकदा वैशाखातल्या दुपारी मी वैतागून खिडकी उघडली, वारा आला, कागद फडफडला आणि तीन चिंचोके घरंगळत कपाटाखाली गेले. आबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाले. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आणि गंमत अशी, की सूत्राचा अर्थ आबांना अजिबात कळत नसे, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. मी नवीन असताना मोठ्या शहाणपणानं विचारलं होतं, “आबा, हे सूत्र बरोबर आहे का हो?” तर म्हणाले, “बरूबर हाय का ते साहेबास्नी ठावं. धड हाय का, ते म्या सांगतो. आता ‘माझ्या म्हशीनं काल भात लावला,’ हे बोलणं धड हाय. खरं न्हाई, पण धड हाय. माझं काम तेवढंच.”

काही अडलं की ते तांबड्या पेन्सिलीनं त्या जागेखाली एक इवलासा बाण काढत आणि चिठ्ठी लिहीत. बोलणं असं खेडवळ, पण चिठ्ठीतली मराठी मात्र इस्त्री केलेली. ‘पान पहिले, ओळ तिसरी. इथपर्यंत कळले. सापडले: गुणाकाराचे चिन्ह. हवा होता: आकडा किंवा कंस. वाचणाऱ्यास पुढे वाचता आले नाही.’ बस्स! चूक हा शब्द कुठंही नाही. सगळा दोष वाचणाऱ्याच्या पदरात. आणि दुरुस्ती ते कधी करायचे नाहीत. “लिवणाऱ्याच्या मनात काय हुतं, मला काय म्हाईत? म्या आपलं अंदाजानं कायतरी भरायचं आन् त्ये उलटंच निघायचं. नगं बाबा.” दुसरं म्हणजे ते एका वेळी एकच जागा दाखवत. मी एकदा स्वतः खपून एका सूत्रात अकरा चुका काढल्या आणि मोठ्या तोऱ्यानं त्यांच्यापुढं ठेवल्या. आबांनी पहिलीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “ही येवढी नीट करून आण.” करून आणली, तर बाकीच्या दहा गायब! पहिला कंस चुकीच्या जागी मिटला होता, त्यामुळं पुढचं सगळं मला वाकडं दिसत होतं. त्या दिवसापासून मी कुणाच्याही अकरा चुका काढत नाही. निदान तोंडावर तरी नाही.

हे सगळं कचेरीच्या वेळेत राहिलं असतं तर काही प्रश्न नव्हता. पण आबा जगच असं वाचायचे. नसरापूरला एका सभेला आम्ही गेलो होतो. पुढाऱ्यांनी भाषणाला सुरुवात केली, “जर ह्या भागातल्या जनतेनं...” आणि तिथून ते जे सुटले ते रस्ते, पाटबंधारे, शिक्षण, स्वतःचं बालपण, सगळं फिरून आले. टाळ्यांवर टाळ्या. भाषण संपलं, लोक उठायला लागले, आणि आबा उभे राहिले. त्यांच्या तळहातावर एक चिंचोका होता. “साहेब, सुरवातीला तुमी ‘जर’ म्हणलात. त्याचा ‘तर’ यायचा ऱ्हायला. म्या मगापासनं धरून बसलोय.” पुढाऱ्यांनी नमस्कार केला आणि ते गाडीत जाऊन बसले. आबा बिचारे परतीच्या वाटेवर एस.टी.तसुद्धा तो चिंचोका हातातच धरून होते. मी म्हटलं, “टाका की आता डबीत.” तर म्हणाले, “कसा टाकू? मिटलंच न्हाई अजून.”

घरी माईंची, म्हणजे त्यांच्या मंडळींची, तर रोजची तारांबळ. माई याद्या लिहायच्या त्या घाईघाईनं. एकदा सणाच्या आदल्या दिवशी आबा पिशवी भरून बाजारातून आले. सगळं होतं, फक्त साखर नव्हती. माईंनी विचारलं तर यादी पुढं केली. ‘साखर’ शब्दाच्या खाली तांबडा बाण! किती आणायची ते लिहिलं नव्हतं. “मग म्या ती ओळ सोडली आन् फुडल्या ओळीवर गेलो,” आबा शांतपणानं म्हणाले, “एक ओळ अडली म्हणून सगळाच बाजार कशापायी थांबवायचा?” माई कपाळावर हात मारून मला म्हणाल्या, “ऐकलंत का भावजी? चाळीस वरसं ह्या घरात साखर किती लागती ते ह्यास्नी ठावं न्हाई व्हय! आन् म्हणं ओळ सोडली!” आबांनी मान खाली घातली, पण ते हसत होते. मग साखर मीच आणली, कारण पुरणपोळीचं आमंत्रण मलाही होतं.

आता माझ्यावर काय बेतलं होतं ते सांगतो. मी तेव्हा हंगामी कारकून होतो. आबांनी वाचलेल्या साहेबांच्या मूळ सूत्राची स्वच्छ नक्कल करून ती पुण्याला पाठवायची हे माझं काम. नक्कल पुन्हा आबांकडून वाचून घ्यायची रीत नव्हती. कायम होण्याचा माझा कागद साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. पण इकडं भोंगवलीला माझ्या आईला धीर कुठला! पोरगा कायम झाला म्हणून तिनं आधीच गावभर पेढे वाटून टाकले होते. त्यामुळं मला कायम होण्यावाचून गत्यंतरच राहिलं नव्हतं. आणि नेमकं तेव्हाच आमचं सूत्र पुण्याहून परत आलं. ‘चूक’. आबांनी मूळ कागद पुन्हा वाचला. टेबल रिकामं. सूत्र धड. साहेब म्हणाले, यंत्रवाल्यांचंच काहीतरी बिघडलंय, तेच पुन्हा पाठवा. पुढच्या पाळीला पुन्हा ‘चूक’. आता मात्र साहेबांचं डोकं फिरलं. त्यांनी मूळ कागद आणि माझी नक्कल शेजारी शेजारी ठेवली आणि मला आत बोलावलं. चौथ्या ओळीच्या शेवटी मूळ कागदावर मिटणारा कंस होता. माझ्या नकलेत नव्हता.

“दोन महिने वाया गेले,” साहेब म्हणाले. “नुसतं समोरचं बघून उतरवायचं, तेवढंही जमत नसेल तर ह्या कचेरीत तुमचं काय काम? महिनाअखेरपर्यंत या. नंतर नको.” मी बाहेर आलो. डोळ्यांपुढं दुसरं काही नाही, पेढे खाल्लेली सगळी भोंगवली दिसत होती. तसाच आबांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो आणि दोन्ही कागद त्यांच्यापुढं टाकले. 

आबांनी आधी माझी नक्कल वाचली. एक चिंचोका शिल्लक. मग मूळ कागद वाचला. काही शिल्लक नाही. “तुज्याच हातनं गळला की रं, पोरा,” ते हळूच म्हणाले. मी म्हटलं, “आबा, आईशप्पत सांगतो, मला तिथं कंस दिसलाच नाही. दोनदा उतरवलं, दोन्ही वेळा नाही दिसला.” दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चष्मा लाव. आबांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “मग तितं तुला काय दिसलं?” हा प्रश्न मला तोपर्यंत कुणी विचारला नव्हता. मी कागदाकडं नीट बघितलं आणि म्हणालो, “तिथं? तिथं आपला शिक्का आहे.”

आबांनी कंसावर बोट ठेवलं. बोट कंसाच्या कडेनं खाली सरकलं. कंस संपायला हवा होता तिथं तो संपेना. अगदी पुसट होऊन तो पाचव्या ओळीच्या बाजूनं वळला, सहाव्या ओळीखालून फिरला आणि गोल घेऊन पुन्हा वर आला. आत कचेरीच्या नावाची दोन-तीन अर्धीमुर्धी अक्षरं. तो आमचा आवक-जावकचा गोल शिक्का होता! आमच्या कचेरीची एक रीत होती. शिक्क्याचं पॅड सुकलं की नवं मागवायचं सोडून जो तो आपल्या पेनातली शाई त्याच्यावर झटकायचा. त्यामुळं शिक्का जांभळा उमटायच्याऐवजी साहेबांच्या अक्षराच्याच निळ्या-काळ्या शाईत उमटला होता, आणि तोही कडेला तेवढा ठसठशीत. शिक्का मी स्वतः, कागद आबांकडं जाण्याआधीच मारलेला, म्हणून मला तो शिक्काच दिसला. कंस साहेब लिहायलाच विसरले होते. आबांनी तिन्ही वेळा शिक्क्याचा काठ कंस म्हणून वाचला होता.

 आबांनी डबीतून एक चिंचोका काढला आणि टेबलावर परत ठेवला. “म्या उचलला ह्यो. उचलायचा न्हवता,” म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला की मला माझी नोकरी विसरायला झालं. मी म्हटलं, “आबा, साहेबांना कसं सांगणार? कंस तेच विसरलेत म्हटलं तर दोघांनाही हाकलून देतील.” आबांनी चिठ्ठीचा कागद ओढला. “साहेबांचं नाव कशाला येतंय त्येच्यात?” ते म्हणाले आणि लिहायला लागले. ‘पान पहिले, ओळ चौथी, शेवट. सापडला: शिक्क्याचा काठ. हवा होता: मिटणारा कंस. वाचणाऱ्याने काठास कंस समजून तीन वेळा वाचले. नक्कल करणाऱ्याने जे होते तेच उतरवले.’ खाली सही. पहिल्यांदाच एवढी मोठी सही केलेली मी पाहिली.

आम्ही आत गेलो. आबांनी चिठ्ठी ठेवली, मूळ कागद ठेवला आणि बोट त्या जागेवर ठेवून उभे राहिले. साहेबांनी चिठ्ठी वाचली. मग कागद उजेडाकडं धरला, तिरका केला, नखानं काठावरून गोल फिरवून बघितलं.  साहेब तापट होते, पण माणूस खोटा नव्हता. त्यांनी खिशातलं पेन काढलं, चौथ्या ओळीच्या शेवटी एक छोटा, स्वच्छ कंस घातला आणि म्हणाले, “मलाही तो कंसच वाटला, आबा. आणि मी तर लिहिणारा.” मग माझ्याकडं बोट करून, “म्हणजे तुम्हाला वाटला, मला वाटला, फक्त ह्याला नाही वाटला. आता काढायचं तरी कुणाला?” आणि ते असे खो-खो हसले की बाहेरचा शिपाई पळत आत आला. “त्या पॅडवर शाई कोण झटकतं रे?” त्यांनी त्याच्यावर डोळे वटारले. शिपायानं भीतभीत साहेबांच्याच पेनाकडं बघितलं. तो विषय तिथंच थांबला. पुढच्या पाळीला पुण्याहून ‘चूक’ची चिठ्ठी आली नाही, आकड्यांनी भरलेल्या लांबच लांब कागदांचा गठ्ठा आला, आणि त्याच दिवशी माझ्या कागदावर सही झाली. हुश्श म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. भोंगवलीत आईनं पेढे पुन्हा वाटले नाहीत, म्हणाली, “एकदा वाटलेत की!”

संध्याकाळी एस.टी. स्टँडवर मी आबांना भजी आणि चहा घेतला. म्हटलं, “आबा, तुम्ही स्वतःवर घेतलंत म्हणून मी वाचलो.” तर म्हणाले, “घेतलं कुटं? हुतीच माजी.” मग भज्याचा तुकडा हातात तसाच धरून, कुणा दुसऱ्याची हकिकत सांगावी तसं सांगायला लागले. लहानपणी शाळेत त्यांना दाराबाहेर पायरीवर बसवायचे. मास्तर त्यांच्या पाटीला हात लावायचे नाहीत. पाटी लांबून वर धरून दाखवायची. मास्तर आतूनच बघायचे आणि म्हणायचे, “चूक.” बाकीच्या पोरांच्या पाटीवर बोट ठेवून सांगायचे, हा आकडा, इथं हातचा राहिला. आबांच्या पाटीवर बोट कधी टेकलंच नाही. “म्या सगळी पाटी पुसायचो रं. बरूबर असलेलंबी पुसायचो. कुटं चुकलंय ते ठावंच न्हाई, तर काय ठेवायचं आन् काय पुसायचं? मग घरी यिऊन आईच्या चिंचोक्यांवर एकेक आकडा मांडून बगायचो.” थोडं थांबून म्हणाले, “ते पुण्याचं येवढं मोठं यंत्र. पर माज्या मास्तरावानीच. लांबनंच चूक म्हणतं.” एवढं बोलून त्यांनी भजं तोंडात टाकलं, “मीठ कमी हाय,” म्हणाले आणि कामथडीची गाडी लागली म्हणून उठले. मी मात्र तिथंच बसून राहिलो. मला फार वाईट वाटलं, आणि ह्या माणसानं माझ्या कागदावर बोट ठेवलं ह्याचा फार अभिमानही वाटला.

आबा निवृत्त झाले, मी बदलून दुसरीकडं गेलो. काही वर्षांनी कळलं की आबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मी कामथडीला गेलो. अंगणात बाजेवर बसले होते. मला ओळखलं, डोळे हसले, पण जीभ जड झालेली. एक शब्द यायचा आणि पुढचं अडायचं. घरातली माणसं भली, पण घाई करायची. आबा “पा...” म्हणाले की कुणी पाणी आणी, कुणी पान आणी, कुणी पाय चेपायला बसे, आणि आबा डोळे मिटून मान फिरवत. माई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “आमास्नी कळतच न्हाई वो भावजी, काय म्हणायचंय त्यास्नी.”

मी बाजेच्या कडेला बसलो. आबा माझ्याकडं बघून म्हणाले, “तुजं...” आणि तिथं थांबले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. माझ्याही तोंडावर चार-पाच शब्द आले होते, पण मी ते गिळले. उशाशी ती तपकिरीची डबी होती. ती उघडली, एक चिंचोका काढला आणि त्यांच्यासमोर गोधडीवर ठेवला. म्हटलं, “आबा, ‘तुजं’ इथपर्यंत कळलं. पुढचं सावकाश येऊ द्या.” आबांनी चिंचोक्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि अर्ध्या तोंडानं असे हसले की माईसुद्धा बघत राहिल्या. ऊन पायरीवरून खाली उतरेपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो. मग आबांनी सगळा जोर लावून उरलेले शब्द काढले, “...बरं हाय न्हवं?”

मी चिंचोका उचलला आणि डबीत टाकला. “हाय आबा,” म्हटलं, “समदं बरं हाय.”